फोटो एडिटिंगसाठी डेस्कटॉप: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन ‘फोटोशॉपसाठी पीसी पाहिजे’ असं सांगितलं, की बहुतेक ठिकाणी समोर येतो तो गेमिंगचा पीसी. काचेचं कॅबिनेट, आत रंग बदलणारे पंखे, निम्मं बजेट खाणारं ग्राफिक्स कार्ड, आणि उरल्यासुरल्या पैशांत बसेल तो मॉनिटर. दुकानदार फसवतोच असं नाही. त्याचं रोजचं गिऱ्हाईक गेम खेळणारं असतं, त्यामुळे त्याचा हिशेब तिथून सुरू होतो. आपला हिशेब दुसऱ्या टोकाकडून सुरू करायचा: आधी मॉनिटर, मग रॅम आणि एसएसडी, मग प्रोसेसर. ग्राफिक्स कार्ड लागलंच तर शेवटी.

मी लग्नाचे फोटो आणि अल्बमची कामं करतो आणि ओळखीतले फोटोग्राफर पीसी घ्यायला निघाले की मला सोबत नेतात. त्यांचे प्रश्न दर वेळी तेच असतात, म्हणून सगळं एकदा लिहून ठेवतोय. हौसेखातर पक्ष्यांचे किंवा गडकिल्ल्यांचे फोटो काढणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल. फक्त अल्बमचा भाग सोडून द्या.

१. आधी कामाचा हिशेब मांडा

दुकानात जाण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहा: कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढता की जेपेग, एका कामाचे साधारण किती फोटो येतात, आणि शेवटी फोटो जातो कुठे (मोबाइलवर, प्रिंटला की अल्बमला).

हे कशाला, ते आकड्यांत बघा. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० गुणिले ४००० पिक्सेल. फोटोशॉपमध्ये १६ बिटमध्ये उघडला की त्याचा एक लेयर सुमारे १४४ एमबी जागा घेतो. फ्रिक्वेन्सी सेपरेशनसाठी (त्वचेचा रंग आणि पोत वेगळे करून रिटच करायला) दोन-तीन कॉपी केल्या, वर उजेड-सावली उठवणारे डॉज-बर्नचे लेयर घेतले, की एकच फोटो एक जीबीजवळ जातो. ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल तर हे सगळं जवळपास दुप्पट.

अल्बमवाल्यांचं याहून जड. १२ बाय ३६ इंची करिझ्मा अल्बमची एक शीट ३०० डीपीआयला ३६०० गुणिले १०८०० पिक्सेलची होते, म्हणजे जवळजवळ ३९ मेगापिक्सेल. ८ बिटमध्येही पूर्ण शीटभर पसरलेला एक लेयर ११७ एमबीच्या आसपास जातो. आता तुमच्या पीएसडीत (फोटोशॉपच्या फाइलमध्ये) किती लेयर असतात ते आठवा: बॅकग्राउंड, टेक्श्चर, सावल्या, वेली, नवरानवरीचे फोटो. आणि अशा तीन शीट एकाच वेळी उघड्या.

जुना पीसी असेल तर आणखी एक काम करा. नेहमीचं काम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्सच्या पानावर नजर ठेवा. पीसी अडकतो तेव्हा मेमरी भरलेली आहे, डिस्क १०० टक्क्यांवर आहे की प्रोसेसर, ते तिथे दिसतं. कित्येकदा नुसती रॅम आणि एसएसडी बदलून जुनं मशीन आणखी दोन वर्षं निघतं. तसं असेल तर हा लेख इथेच बंद करा आणि वाचलेले पैसे मॉनिटरला ठेवा.

२. सॉफ्टवेअर नेमकं कशावर चालतं

‘एडिटिंग’ हा शब्द सगळ्याला चालतो, पण प्रत्येक सॉफ्टवेअरची भूक वेगळी.

लाइटरूम क्लासिकमध्ये फोटो इम्पोर्ट करणं, प्रिव्ह्यू बनवणं हे मुख्यतः प्रोसेसरचं काम. तिथे जास्त कोअर असले की फरक दिसतो. स्लायडर फिरवताना आणि एक्स्पोर्ट करताना ग्राफिक्स कार्डाची मदत होते. खरा फरक पडतो एआय डिनॉइजमध्ये, म्हणजे फोटोतले दाणे काढण्यात. २०२३ मध्ये आलेली ही सोय जवळजवळ पूर्णपणे ग्राफिक्स कार्डावर चालते. चांगल्या कार्डावर एका फोटोला काही सेकंद लागतात, तर प्रोसेसरमधल्याच साध्या ग्राफिक्सवर काही मिनिटं. रात्रीच्या वरातीचे फोटो जास्त आयएसओवर काढून शेकड्यांनी डिनॉइज करणार असाल, तर कार्ड घ्या. एरवी थांबा.

फोटोशॉपला रॅम हवी आणि एकेका कोअरचा वेग हवा. वीस कोअरचा प्रोसेसर घेतला म्हणून ब्रश दुप्पट पळत नाही.

डार्कटेबल, रॉथेरपी आणि गिम्प फुकट आहेत, लिनक्सवरही चालतात. डार्कटेबल ओपनसीएलमार्फत ग्राफिक्स कार्ड वापरतं, त्यामुळे तिथे मध्यम कार्डही उपयोगी पडतं. नवख्या माणसाने लाइटरूम-फोटोशॉपचं दर महिन्याचं भाडं सुरू करण्याआधी महिनाभर डार्कटेबल वापरून बघायला हरकत नाही. पहिले काही दिवस डोकं फिरतं, नंतर सवय होते.

३. मॉनिटर: पहिला पैसा इथे

एकूण बजेटचा चौथा हिस्सा तरी मॉनिटरसाठी बाजूला काढा. लाखाचं बजेट असेल तर पंचवीस हजार. हे ऐकून लोक माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात. पण प्रोसेसर तीन-चार वर्षांत जुना होतो, चांगला मॉनिटर पुढच्या पीसीलाही चालतो. आणि पीसी हळू असला तर फक्त वेळ जातो, मॉनिटर चुकीचा असला तर काम चुकतं.

*आकार आणि रिझोल्यूशन.* २७ इंच आणि २५६० गुणिले १४४० हा फोटोसाठी सगळ्यात सोयीचा मेळ आहे. अक्षरं बेताची दिसतात, पॅनल्स उघडूनही फोटोला जागा उरते. २७ इंचात फुल एचडी घेऊ नका, पिक्सेल डोळ्यांना दिसतात आणि शार्पनिंगचा अंदाज चुकतो. फुल एचडीच घ्यायचा असेल तर २४ इंचांपर्यंत. ४के सुंदर दिसतो, पण त्याला ८३ लाख पिक्सेल रंगवायचे असतात, म्हणजे लाइटरूमचं ओझं वाढतं. ४के घेणार असाल तर ग्राफिक्स कार्डही त्या मानाने हवं.

*पॅनल.* आयपीएस. बाकी काही ऐकू नका. टीएनमध्ये मान हलवली की रंग बदलतो. व्हीए पॅनलचा काळा रंग छान गडद असतो, पण कडेने बघितलं की सावलीतले बारकावे बदलतात, आणि वक्र गेमिंग मॉनिटर बहुतेक व्हीएच असतात. शिवाय वक्र मॉनिटरवर अल्बमच्या सरळ रेषा तपासायच्या कशा?

*रंग.* डब्यावर ‘१०० टक्के एसआरजीबी’ (मोबाइल आणि वेबवर चालणारा रंगांचा ठरावीक संच) असं स्पष्ट लिहिलेलं हवं. ‘१.६७ कोटी रंग’ हे वाक्य काहीच सांगत नाही, ते सगळ्यांवर असतं. ‘४५ टक्के एनटीएससी’ (रंग मोजायचं जुन्या टीव्हीचं माप) दिसलं तर तो मॉनिटर परत ठेवा, त्यात एसआरजीबीचे जेमतेम दोन-तृतीयांश रंग बसतात. ‘७२ टक्के एनटीएससी’ म्हणजे ढोबळमानाने पूर्ण एसआरजीबी. बेनक्यू, डेल अल्ट्राशार्प, आसुस प्रोआर्ट यांच्या फोटो-डिझाइनसाठीच्या मॉनिटरसोबत कारखान्यातल्या कॅलिब्रेशनचा कागद येतो. त्यावर डेल्टा ई (रंगातली चूक मोजणारा आकडा) २ च्या खाली असेल तर सुरुवातीला पुरे.

आता अ‍ॅडोबी आरजीबीचा, म्हणजे एसआरजीबीहून मोठ्या रंगसंचाचा मोह. आपल्याकडच्या अल्बम लॅब सर्रास एसआरजीबी जेपेगच मागतात. घरी चांगला इंकजेट प्रिंटर असेल, प्रदर्शनासाठी स्वतः प्रिंट काढत असाल, तरच जास्त रंगांच्या मॉनिटरवर खर्च करा. त्यात एक खोच आहे. असा मॉनिटर पूर्ण रंगांवर ठेवला, की कलर मॅनेजमेंट न पाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हळदीचा पिवळा नारिंगीकडे झुकतो आणि पैठणीचा राणी रंग पेटल्यासारखा दिसतो. तो बघून तुम्ही रंग कमी करता, आणि लॅबमधून फिका अल्बम येतो. असा मॉनिटर घेतलाच तर रोजच्या कामाला त्याचा एसआरजीबी मोड लावा.

*ब्राइटनेस.* ‘लॅबने फोटो काळे छापले’ ही तक्रार कुणी केली नाही असा फोटोग्राफर सापडणं कठीण. बहुतेक वेळा दोष लॅबचा नसतो. नवा मॉनिटर ३०० निट्सवर (निट म्हणजे उजेडाचं माप) झगझगत असतो. त्यावर फोटो नीट दिसेपर्यंत तुम्ही एक्स्पोजर कमी करता आणि कागद मात्र स्वतः उजेड देत नाही. प्रिंटसाठी मॉनिटर १०० ते १२० निट्सवर हवा. नव्या मॉनिटरवर ते साधारण ब्राइटनेस तीस-चाळीसच्या आसपास येतं. पहिले दोन दिवस मॉनिटर मेलाय असं वाटेल, मग डोळे सरावतात.

*कॅलिब्रेटर.* मॉनिटरचे रंग मोजून जुळवणारी कॅलिब्राइट किंवा डेटाकलर स्पायडर या दोन घरांची यंत्रं भारतात मिळतात. गावात तीन-चार फोटोग्राफर मित्र असतील तर मिळून एक घ्या, महिन्यातून एकदाच लागतं. लक्ष्य ठेवायचं: व्हाइट पॉइंट डी६५, गॅमा २.२, ब्राइटनेस वर सांगितला तसा.

आणि खोली. पोपटी किंवा गुलाबी भिंतीसमोर बसून त्वचेचा रंग जुळवायला गेलात तर भिंत मध्ये बोलते. टेबलामागची भिंत तरी पांढरी किंवा राखाडी करून घ्या, खिडकीचा उजेड थेट मॉनिटरवर पडू देऊ नका. रंगवण्याचा खर्च कॅलिब्रेटरपेक्षा कमीच येईल.

४. रॅम

जेपेगचं हलकं काम असेल तर १६ जीबी. रॉ आणि फोटोशॉप दोन्ही रोज असतील तर ३२. ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा, पॅनोरमा, मोठे अल्बम असतील तर ६४ चा विचार करा.

रॅम जोडीने घ्या. १६-१६ च्या दोन पट्ट्या एका ३२ च्या पट्टीपेक्षा बऱ्या, कारण दोन चॅनल एकत्र चालतात. पण चारही स्लॉट भरण्याची घाई नको. डीडीआर५ मध्ये चार पट्ट्या लावल्या की बऱ्याच मदरबोर्डवर वेग खाली येतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या प्रोसेसरवर तर चार पट्ट्यांचा अधिकृत वेग ३६०० च आहे. म्हणजे पुढे वाढवायची असेल तर आत्ताच दोन मोठ्या पट्ट्या बसतील असं बघा.

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत, त्यामुळे आठवड्यापूर्वीचं कोटेशन आज चालेलच असं नाही. रॅमचा भाव पक्का करूनच बाकीचं ठरवा.

५. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड

मधल्या फळीतला कुठलाही अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर फोटोला पुरतो: एएमडीचा रायझन ५ किंवा ७, इंटेलचा कोअर आय५ किंवा कोअर अल्ट्रा ५. सहा ते आठ चांगले कोअर पुष्कळ झाले. आय९ साठी जास्तीचे पंधरा-वीस हजार घालण्यापेक्षा मॉनिटर एक पायरी वरचा घ्या. मॉडेलची तुलना करायची असेल तर प्युजेट सिस्टम्स ही अमेरिकेतली वर्कस्टेशन बनवणारी कंपनी फोटोशॉप आणि लाइटरूमच्या चाचण्या घेऊन आकडे जाहीर करते, ते बघा. गेमच्या एफपीएसचे व्हिडिओ आपल्या उपयोगाचे नाहीत.

इथे काही सापळे आहेत.

‘एफ’ अक्षराचा सापळा: इंटेलच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल, उदाहरणार्थ १४४०० एफ, तर त्यात अंतर्गत ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड घेतलं नाही तर मॉनिटरवर काहीच येणार नाही. रायझन ५ ५६०० चंही तसंच, ‘जी’ वाल्यात ग्राफिक्स असतं. रायझन ७००० मालिकेत ७५०० एफसारखे अपवाद सोडले तर साधं ग्राफिक्स आतच येतं.

‘ट्रे’ प्रोसेसरचा सापळा: डब्याविना मिळणारा प्रोसेसर थोडा स्वस्त असतो, पण सोबत कूलर नसतो, आणि वॉरंटी कंपनीची नसून विकणाऱ्याच्या शब्दावर असते. सीलबंद डब्यातला घ्या.

जुन्या आय७ आणि आय९ चा सापळा: इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या जास्त वेगाच्या प्रोसेसरमध्ये व्होल्टेजमुळे अस्थिर होण्याचा दोष निघाला होता. २०२४ मध्ये कंपनीने त्यावर मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. नवीन घेऊन बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केला तर ठीक. सेकंडहँड मात्र टाळा, आधीच्या मालकाने तो कसा चालवला ते कळायला मार्ग नाही.

ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरलंच, तर ८ जीबी व्हीरॅमचं (कार्डाची स्वतःची मेमरी), आरटीएक्स ४०६० किंवा ५०६० च्या आसपासचं पुरे. मित्र म्हणेल, ‘अरे, पुढे व्हिडिओ करशील, मोठं घे.’ कार्ड नंतर घालता येतं. स्लॉट रिकामा आहे आणि एसएमपीएसला (पॉवर सप्लायला) ताकद आहे एवढं बघून ठेवा.

६. एसएसडी, हार्ड डिस्क आणि बॅकअप

विंडोज, सॉफ्टवेअर, लाइटरूमचा कॅटलॉग आणि चालू काम हे सगळं १ टीबी एनव्हीएमई एसएसडीवर. तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई सेकंदाला सुमारे ३,५०० एमबी वाचते, चौथ्या पिढीची ७,००० पर्यंत. हार्ड डिस्क १५० ते २०० वर थांबते. हार्ड डिस्कवरून एनव्हीएमईवर आलात की जमीन-अस्मानाचा फरक, तिसऱ्यावरून चौथ्यावर गेलात तर फोटोच्या कामात जाणवेलच असं नाही. पाचव्या पिढीवर पैसे घालू नका.

साठवणीसाठी ४ टीबी किंवा मोठी हार्ड डिस्क. घेताना ‘सीएमआर’ मागा. ‘एसएमआर’ प्रकारची डिस्क स्वस्त असते, पण मोठा डेटा टाकताना मध्येच रांगायला लागते. साधा हिशेब: ३० एमबीची एक रॉ फाइल आणि एका लग्नात ३,००० क्लिक, म्हणजे ९० जीबी. दोन कॅमेरे असतील तर १८०. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू झाला की ४ टीबी कधी संपतात ते कळत नाही.

बॅकअपचा नियम जगभर एकच: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक प्रत वेगळ्या जागी. वेगळी जागा म्हणजे भावाचं घर चालेल, दुकानाच्या वरचा मजला चालणार नाही. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या आणि आलटून पालटून वापरा. पीसीच्या बजेटमध्येच हा खर्च धरा. ‘नंतर घेऊ’ म्हटलेली बॅकअप डिस्क कुणी नंतर घेतलेली मी फारशी पाहिली नाही.

७. वीज: याचं कुणी बोलत नाही

दुकानदार कॅबिनेटसोबत फुकट देतो तो एसएमपीएस घेऊ नका. त्यावर ४५० वॉट लिहिलेलं असतं, तेवढी वीज त्यातून निघेल याची खात्री नसते, आणि जाताना तो मदरबोर्डला सोबत घेऊन जातो. ओळखीच्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ दर्जाचा, ५५० ते ६५० वॉटचा घ्या. पाच वर्षांची वॉरंटी असलेले मिळतात.

यूपीएसवर लिहिलेला व्हीए (व्होल्ट-अँपिअर) म्हणजे वॉट नव्हे. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो, १,००० व्हीएचा ६०० च्या आसपास. मधलं ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी आणि मॉनिटर मिळून जोरात काम चालू असताना २५०-३०० वॉट घेऊ शकतात. ६०० व्हीएवर तो कसाबसा चालेल आणि वीज गेल्यावर फाइल सेव्ह करायलाही पुरेसा वेळ मिळणार नाही. १,००० व्हीए घ्या. लेझर प्रिंटर त्याला जोडू नका. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे ना, आणि मागचं बटण यूपीएस मोडवर आहे ना, ते बघा.

अर्थिंग. जुन्या वाड्यात, भाड्याच्या गाळ्यात तिसरी पिन नुसती शोभेला असते. वायरमनला बोलवून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर मोजायचीही गरज नाही, आधी अर्थिंग करून घ्या.

कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या. पुढे बंद काच असलेलं दिसायला छान, पण विदर्भातल्या मे महिन्यात आतली हवा बाहेर कुठून जाणार? धुळीची जाळी काढून धुता यायला हवी. कोकणात असाल तर मागच्या रिकाम्या स्लॉटची झाकणं लावलेली आहेत ना, ते नक्की बघा. पावसाळ्यात पाली आणि मुंग्या उबेला आत शिरतात आणि मदरबोर्ड जातो. वॉरंटीत हे बसत नाही.

८. असेंबल्ड, ब्रँडेड, मॅक की जुना

असेंबल्ड पीसीत प्रत्येक पैसा हवा तिथे घालता येतो आणि भाग बदलता येतात. माझा कल तिकडेच. पण जवळच्या गावात नीट जोडून देणारा आणि नंतर दार उघडणारा माणूस नसेल, तर घरी येऊन सेवा देणारी वॉरंटी असलेला ब्रँडेड टॉवर घ्या.

मॅक मिनी एम४ हा गंभीरपणे विचार करावा असा पर्याय आहे. २०२४ च्या अखेरीस तो भारतात ५९,९०० रुपयांपासून आला, १६ जीबी मेमरीसकट. वीज कमी, आवाज जवळजवळ नाही, लाइटरूम झकास चालतं. अडचणी दोन. मेमरी नंतर वाढवता येत नाही, आणि सुरुवातीच्या मॉडेलमध्ये २५६ जीबीच जागा आहे, म्हणजे बाहेरची एसएसडी लागणारच. घेण्याआधी तुमचे अल्बमचे प्लगइन आणि मराठी फाँटचं पॅकेज मॅकवर चालतं का, ते विचारून घ्या. अल्बमची बरीच सॉफ्टवेअर्स फक्त विंडोजवर चालतात.

ऑफिसातून निघालेले जुने पीसी स्वस्तात मिळतात. त्यात इंटेलच्या आठव्या पिढीच्या किंवा रायझन २००० मालिकेच्या खालचं काही घेऊ नका. विंडोज ११ अधिकृतपणे त्यावर चालत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बुटक्या कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचं ग्राफिक्स कार्ड बसत नाही आणि एसएमपीएसही त्यांचा वेगळ्या आकाराचा असतो. शिकायला सुरुवात करणाऱ्याने जुना टॉवर आणि नवा मॉनिटर असा मेळ घातला तर मी त्याला शहाणाच म्हणेन.

९. कोटेशन आणि खरेदी

मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, बेंगळुरूत एस. पी. रोड हे जुने बाजार. लॅमिंग्टन रोडला ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. आपल्या जिल्ह्याच्या गावातल्या दुकानदाराचा भाव तिथल्यापेक्षा दोन-तीन हजारांनी जास्त असला तरी मी त्याच्याकडेच घेईन. हंगामात पीसी बंद पडला तर तो संध्याकाळी येऊन बघतो.

तीन ठिकाणांहून कोटेशन घ्या. प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल नाव लिहून मागा. ‘१ टीबी एसएसडी’, ‘बी सिरीज बोर्ड’, ‘१६ जीबी रॅम’ असं मोघम लिहिलेलं कोटेशन परत करा. भाव पाडल्यावर बदल नेमका अशाच मोघम ओळींत होतो.

सोबत काय न्यायचं:

- पहिल्या पायरीतला कामाचा कागद
- मॉनिटर तपासायला पेन ड्राइव्हवर तुमचे तीन फोटो: एक हळदीचा, एक काळ्या कोटातल्या नवरदेवाचा, एक फिक्या राखाडी पार्श्वभूमीचा
- जीएसटी नोंदणी असेल तर क्रमांक, आणि बिलावर हवं ते व्यवसायाचं नाव-पत्ता
- टेबलाचं आणि कॅबिनेट ठेवायच्या जागेचं माप

‘बिल नको असेल तर कमी करतो’ या वाक्याला भुलू नका. कॉम्प्युटरवर १८ टक्के जीएसटी आहे. नोंदणी असेल तर तो इनपुट क्रेडिटमध्ये परत मिळतो, आणि आयकरात कॉम्प्युटरवर ४० टक्के घसाराही धरता येतो (तुमच्या बाबतीत कसा, ते सीएंना विचारा). नोंदणी नसली तरी वॉरंटीच्या वेळी बिल लागतं. बिलावर प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर लिहून घ्या. ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटरची वॉरंटी भारतातली आहे ना, हेही तिथेच विचारा. बाहेरून आलेल्या मालाला इथे कुणी दाद देत नाही.

१०. घरी आल्यावर पहिल्या दिवशी

वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतलं असेल तर मॉनिटरची केबल त्याला लावा, मदरबोर्डला नाही. हसू नका, ही चूक सर्रास होते आणि लोक महिनोनमहिने कार्ड न वापरता बसतात. शक्यतो डिस्प्लेपोर्ट वापरा. एचडीएमआय असेल तर कार्डाच्या सेटिंगमध्ये आउटपुट रेंज ‘फुल’ करा. ‘लिमिटेड’ राहिली तर काळा रंग राखाडी दिसतो आणि तुम्ही उगाच कॉन्ट्रास्ट वाढवत बसता.

बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करा. नाहीतर महाग रॅम कमी वेगावरच चालते. मग सीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकून प्रोसेसर, रॅमचा वेग आणि दोन चॅनल बघा. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडी किती तास चाललीय ते दिसतं. नव्या डिस्कवर काहीशे तास दिसले तर त्याच दिवशी दुकानात जा.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर गेम रेडीऐवजी स्टुडिओ ड्रायव्हर टाका. विंडोजचा नाइट लाइट बंद, मॉनिटरचे ‘व्हिव्हिड’, ‘मूव्ही’ असले मोड बंद. कॅलिब्रेट करायच्या आधी मॉनिटर अर्धा तास चालू राहू द्या.

फोटोशॉपच्या परफॉर्मन्समध्ये मेमरी ७० टक्क्यांच्या आसपास ठेवा, स्क्रॅच डिस्क (रॅम भरल्यावर वापरायची जागा) एनव्हीएमई निवडा. टाइपमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट चालू करा, नाहीतर युनिकोड फाँटमध्ये ‘चि. सौ. कां.’ मधली वेलांटी चुकीच्या जागी जाते आणि नवरीच्या नावातली जोडाक्षरं फुटतात. लाइटरूममध्ये कॅटलॉगचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर जाईल असं लावा.

मग खरं काम टाका. जुन्या एखाद्या लग्नाच्या सगळ्या रॉ इम्पोर्ट करा, प्रिव्ह्यू बनवा, एक्स्पोर्ट लावा आणि सोबत एक जड शीट उघडी ठेवा. तासभर असं चालवून पीसी बंद पडला, पंखा किंचाळला किंवा निळी स्क्रीन आली, तर पहिल्या आठवड्यातच दुकानात न्या, तेव्हा भाग बदलून मिळणं सोपं असतं. सगळे रिकामे डबे वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा, मॉनिटरचा तर थर्माकोलसकट. कुरियरने सर्व्हिस सेंटरला पाठवायची वेळ आली तर तोच लागतो.